पंप ओळखणारा माणूस पाहिजे

"पाहिजे : जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची पारख असलेला, कुशल, विश्वासू, वेळ पाळणारा माणूस. समक्ष भेटा." ही जाहिरात मी स्वतः लिहिली. तीन दिवस लिहीत होतो. आमच्या सौभाग्यवतीनं, म्हणजे भानुमतीनं, ती एकदा उभ्याउभ्या वाचली आणि विचारलं, "यातलं तुमच्यात काय काय आहे?"

मी सांगितलं, वेळ पाळणं. ते खोटं नव्हतं. वाळूजच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअरमध्ये काढली आणि एक दिवस उशिरा गेलो नाही. पण स्टोअरमधल्या माणसाचं एक असतं. वस्तू आली की नोंद, वस्तू गेली की नोंद. वस्तू मुळात काय आहे हे विचारणं माझ्या कामात बसत नव्हतं. तेव्हा निवृत्तीनंतर बंद पडणाऱ्या एका दुकानातून फियाट, अँबॅसडर आणि जुन्या जीपच्या सुट्या भागांची अकरा पोती मी उचलली, गारखेड्यात एक गाळा भाड्यानं घेतला, आणि पहिलं पोतं उघडून आत डोकावलो, तेव्हा मला समजलं की मला यातलं काहीही ओळखता येत नाही. सगळं लोखंडाचं होतं एवढं नक्की. काही पितळेचं होतं. हेही मी नोंदवून ठेवलं.

गिऱ्हाइकं मात्र होती. आजोबांची गाडी चालती करायची हौस हल्ली लोकांना फार. नाशिक, कोल्हापूर, हैदराबाद, कुठून कुठून फोन यायचे. ते वस्तूचं नाव सांगायचे, मी कागदावर लिहून घ्यायचो, आणि मग त्या कागदाकडे आणि पोत्यांकडे आळीपाळीनं बघत बसायचो.

जाहिरातीला पहिल्याच दिवशी सात माणसं आली. त्यांतल्या पाच बायका होत्या आणि त्या मुलींच्या ॲडमिशनला आल्या होत्या. दोष माझ्या पाटीचा. 'वैजापूरकर क्लासिक्स' असं मी मोठ्या अभिरुचीनं रंगवून घेतलं होतं, पण गारखेड्यात डाव्या हाताला तीन आणि उजव्या हाताला चार कोचिंग क्लासेस असताना त्या पाटीतलं 'क्लासिक्स' कोण वाचणार? एका बाईंनी तर आत येऊन पोत्यांकडे बघत विचारलं, "प्रॅक्टिकलचं सामान का सर?" सर म्हटल्यामुळे मला दोन मिनिटं बरं वाटलं.

उरलेल्या दोघांपैकी एकाला रात्रपाळीचा वॉचमन व्हायचं होतं आणि दुसरा चुकून आला होता.

मग भानुमतीच्या बहिणीचा मुलगा हिमांशू पुढे आला. मेकॅनिकल इंजिनिअर. शेंद्र्याच्या एका मोठ्या कारखान्यात मुलाखत देऊन बसला होता, बोलावणं येईपर्यंत रिकामा होता. घरचाच असल्यामुळे विश्वासू, शिकलेला असल्यामुळे कुशल, असा आम्ही हिशोब केला. त्यानं पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "काका, आधी सिस्टिम लावू." हे वाक्य ऐकून माझ्यातला स्टोअरकीपर गहिवरला. दहा दिवसांत त्यानं प्रत्येक वस्तूला काळ्या-पांढऱ्या रेघांची चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर यंत्र धरलं की नाव उमटायचं. 'कंपोनंट एक', 'कंपोनंट दोन', असं 'कंपोनंट सहाशे बारा'पर्यंत.

"पण हे आहे काय?" मी विचारलं.

"ते नंतर भरायचं काका. कॉलम ठेवलाय."

याच दिवसांत भानुमतीच्या कुकरची शिट्टी हरवली. तिनं कामवालीला विचारलं, शेजारी विचारलं, मला तर चारदा विचारलं. शिट्टी सापडली ती नाशिकच्या एका गृहस्थांनी परत पाठवलेल्या पाकिटात. घरून डबा आणताना ती कशी कोण जाणे पिशवीतून आली होती आणि 'कंपोनंट दोनशे चार' होऊन कुरिअरनं गेली होती. सोबत त्यांची चिठ्ठी होती : "वस्तू उत्तम आहे, परंतु कार्बोरेटरवर बसत नाही." गृहस्थ सभ्य. अशा सभ्य माणसांचाच जास्त त्रास होतो.

हिमांशूनं आणखी एक उपकार केला. दुकानाच्या नोंदणीचा अर्ज त्यानं ऑनलाइन भरला. व्यवसायाच्या प्रकारात 'जुन्या दुर्मिळ मोटारींचे सुटे भाग' असा पर्यायच नव्हता, म्हणून त्यानं जवळचा निवडला. प्रमाणपत्र आलं, शिक्क्यासकट आलं, आणि त्यावर लिहिलं होतं, 'भंगार व टाकाऊ माल'. खाली सूचना, 'दर्शनी भागी लावणे बंधनकारक'. दुरुस्तीसाठी मी चौकशी केली तेव्हा कळलं की आधीची माहिती खोटी होती असं मीच लिहून द्यायचं, आणि ते लिहून दिलं की खोटी माहिती दिल्याबद्दल खुलासाही मीच करायचा. मी ते प्रमाणपत्र दर्शनी भागी लावलं आणि त्याच्यापुढे कॅलेंडर लावलं. कायदा पाळला गेला आणि अब्रूही राहिली.

अकराव्या दिवशी हिमांशूला शेंद्र्याहून बोलावणं आलं. तो पाया पडून गेला.

आता सल्ला द्यायची पाळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या इंद्रजीतरावांची होती. इंद्रजीतराव सरकारी नोकरीत, गावाकडे चाळीस एकर, आणि जगातल्या कुठल्याही कामाला त्यांच्याकडे एक माणूस असतो. जिन्यात गाठून ते म्हणाले, "काका, तुम्ही लई सरळ माणूस. हुशार माणूस ठेवायचाच नसतो. हुशार माणूस पळतो. इमानदार माणूस ठेवा. मी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला फकिरा हजर झाला. पन्नाशीचा, पांढरा सदरा, हातात डबा. त्यानं शटर उघडलं, झाडलं, देवाला उदबत्ती लावली आणि स्टुलावर बसला. संध्याकाळी सहाला उठला. असा तो एक महिना बसला. इतका विश्वासू माणूस मी पाहिलेला नाही. मी गल्ला उघडा टाकून बँकेत जायचो, परत आल्यावर फकिरा गल्ल्याकडे पाठ करून बसलेला असायचा. मोह नको म्हणून नव्हे, वाऱ्यानं नोट उडाली तर आपल्यावर नको म्हणून.

पण त्याला भागांतलं काही कळत नव्हतं. आता दुकानात काही न कळणारी दोन माणसं झाली.

अशात वेरूळहून रामकिसनरावांचा फोन आला. घृष्णेश्वराच्या देवळाबाहेर त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान, पाठीमागे शेती, आणि गोठ्याशेजारी वडिलांनी घेतलेली फियाट. मुलीचं, तनुजाचं, लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. आजोबा तिला लहानपणी सांगून गेले होते की तुझी पाठवणी याच गाडीतनं. आता आजोबा नव्हते आणि गाडी चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडत होती. गावातल्या मेकॅनिकनं निदान केलं होतं, पेट्रोल ओढणारा पंप गेला.

"काका, तुमच्याकडं हाय का पंप?"

मी होय म्हणालो. का म्हणालो ते सांगता येणार नाही. लग्नघरचा माणूस विचारत असताना नाही म्हणवत नाही. शिवाय अकरा पोत्यांत पंप नसेल कसा? मी आणि फकिरानं पंपासारखं दिसणारं एक शोधलं आणि पाठवलं. तीन दिवसांनी फोन आला, "काका, हा जीपचा हाय. बसंना." आम्ही दुसरं शोधलं. हे जास्त पंपासारखं दिसत होतं. चार दिवसांनी पुन्हा फोन. रामकिसनरावांचा आवाज शांत होता.

"काका, ह्यानं कपाशी फवारता येते."

"म्हणजे?"

"हा फवारणीचा पंप हाय. पाठीवरच्या टाकीतला. माझ्याकडं घरी दोन हायेत."

ते रागावले असते तर चाललं असतं. ते पुढे एवढंच म्हणाले, "लग्नाला आठ दिवस राहिले काका. जमत नसलं तर तसं सांगा, मी पोरीला समजावतो." मी फोन ठेवला. एकतीस वर्षांत माझ्या नोंदीमुळे कुणाच्या मुलीला समजावायची वेळ आली नव्हती.

"काय करावं फकिरा?" मी नुसताच बोललो. उत्तराची अपेक्षा नव्हती.

"कडूबा मिस्त्रीला इचारावं," फकिरा म्हणाला.

"हा कोण?"

"आमच्या शेजारचा. शेंद्र्याला. जुन्या गाड्यांतलं त्याच्याएवढं कुणालाच कळत नाय. आंधारात हात लावून सांगतो कशाचं काय ते."

मी स्टुलावरून पडता पडता राहिलो. "अरे, मग महिनाभर सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलं नाय." मग थोडं थांबून, "आन् तो येत बी नाय."

"का?"

"येतच नाय."

शेंद्रा गावात कडूबाचं घर शोधायला वेळ लागला नाही. एका बाजूला कारखान्यांच्या लांबच लांब भिंती आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी, मध्ये त्याचं पत्र्याचं घर. दारात कडूबा एक मोटर खोलून बसला होता. साठीचा, काटकुळा. त्यानं मान वर केली नाही. बोलली ती त्याची बायको, चतुराबाई. त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली.

"तुम्ही आधी कुठं होते?"

"वाळूजला. स्टोअरमध्ये."

"किती साल?"

"एकतीस."

"सोडलं कामून?"

"सोडलं नाही. वय झालं. निवृत्त झालो."

"मंग घरी कामून बसंना गेले?"

मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. हा प्रश्न भानुमतीनंही विचारला होता, तेव्हाही मी पाणीच प्यायलो होतो.

"गाड्यांतलं काय कळतं का?" चतुराबाईंनी विचारलं.

मी फकिराकडे पाहिलं. फकिरानं ज्वारीकडे पाहिलं. "नाही," मी म्हणालो. वाळूजनंतर पहिल्यांदाच मुलाखत देत होतो आणि नापास होत होतो. मुलाखत घ्यायला मी आलो होतो हे तोवर माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं.

तेव्हा कडूबा पहिल्यांदा बोलला. "खरं बोलले." हातातलं काम ठेवून त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मी लई गॅरेजात काम केलं साहेब. चांगला भाग काढून खराब झाला म्हणून सांग म्हनतात. मला ते जमत नाय. मंग मी घरी येतो. लोक म्हनतात, कडूबा टिकत नाय."

"तुम्हाला माझ्याकडे असं काही सांगावं लागणार नाही," मी म्हणालो. "चांगला कुठला आणि खराब कुठला हे मलाच माहीत नाही."

चतुराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. कडूबा हसला नाही, पण म्हणाला, "उद्या येऊन बघतो. बघतो म्हनलो. येतो नाय म्हनलो."

दुसऱ्या दिवशी फकिरा त्याला मोटरसायकलवर बसवून घेऊनच आला. कडूबानं अकराही पोती गाळ्यात रिकामी केली आणि मांडी घालून बसला. एकेक वस्तू उचलायचा, अंगठा फिरवायचा, एखादी कानाशी धरून हलवायचा आणि बाजूला ठेवायचा. दुपारपर्यंत तीन ढीग झाले. पहिला गाड्यांचा. दुसरा इतर यंत्रांचा, त्यात शिलाई मशीन, विहिरीची मोटर आणि उसाचा चरक होता. तिसऱ्या ढिगाबद्दल तो म्हणाला, "हे कशाचं हाय ते देवालाच ठावं." पहिला ढीग सगळ्यांत लहान होता. काचेच्या कपाटात मखमलीवर 'दुर्मिळ' अशी चिठ्ठी लावून मी ठेवलेलं चाक त्यानं उचललं, फुंकर मारली आणि दुसऱ्या ढिगात ठेवलं.

"हे काय आहे?" मी भीत भीत विचारलं.

"पिठाच्या गिरणीचं."

मी खाली बसलो. भानुमतीला काय सांगायचं या विचारात असतानाच आठवलं. "आणि फियाटचा पंप?"

"ह्यात एकबी नाय." मग त्यानं विचारलं, "पन गाडी पाहिली कुणी?"

"नाही. मेकॅनिक म्हणाला की पंप गेला."

"त्यानं पंप खोलला व्हता का?"

हा प्रश्न मी रामकिसनरावांना फोनवर विचारला. खोलला नव्हता. आवाजावरून सांगितलं होतं.

"चला," कडूबा म्हणाला.

वाटेत इंद्रजीतरावांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते कळवळून म्हणाले, "काका, गिऱ्हाइकाच्या घरी मिस्त्री नेऊन फुकटात दुरुस्ती? धंदा हाय का समाजसेवा? असा माणूस दुकानाला कुलूप लावील." फोन माझ्या गाडीच्या स्पीकरवर लागला होता, त्यामुळे हे कडूबानंही ऐकलं. तो दौलताबादच्या किल्ल्याकडे बघत राहिला. मी फोन बंद केला.

रामकिसनरावांच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. गोठ्याच्या कडेला फियाट उभी होती, मोतिया रंगाची, धुऊन पुसून ठेवलेली. तनुजा ओढणी खोचून तिच्या काचा पुसत होती. आम्हाला बघून तिचे हात थांबले. माझ्या हातात खोकं नाही हे तिनं पाहिलं.

कडूबानं गाडी चालू केली. दीड मिनिट ती चालली, मग दम लागल्यासारखी धापली आणि बंद पडली. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं, पंपावरचं झाकण उघडलं, आणि झाकणाखालून काळ्या रंगाचा एक चुरा बोटावर घेऊन दाखवला.

"पंप चांगला हाय. पॅकिंग गेलं. पेट्रोलऐवजी हवा ओढतोय." त्यानं अंगणभर नजर फिरवली. "जाड पुठ्ठा हाय का? चांगला, कडक."

घरात जाड आणि कडक एकच गोष्ट होती. लग्नपत्रिकांचा गठ्ठा. रामकिसनराव एक घेऊन आले, पण द्यायला तयार होईनात. "वर कुलदैवत हाय. कात्री कशी लावायची?"

"खालून कापतो," कडूबा म्हणाला.

"खाली निमंत्रक हायेत. सगळे भाऊबंद." रामकिसनरावांनी पत्रिका डोळ्यांसमोर धरली. एकेका नावावर अडखळू लागले. हे मोठे काका, हे मामा, हे सरपंच. गंभीर प्रश्न होता. माणसं पत्रिकेत नाव नसलं तर बारा वर्षं बोलत नाहीत, इथं तर नाव कापून पेट्रोलमध्ये बुडवायचं होतं. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या मातोश्रींचा आवाज आला, "बांधावरून भांडतो त्या चुलत्याचं नाव कोण्या बाजूला हाय?"

"उजव्या."

"मंग उजवीकडून काप की."

कडूबानं उजवीकडून कापलं. झाकण पुठ्ठ्यावर ठेवून कडेनं नखानं रेघ मारली, भोकं पाडली, अंगाचा साबण मागून दोन्ही बाजूंना चोळला. पेट्रोल साबण विरघळवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. झाकण आवळलं. "बाई, तुमीच लावा," तो तनुजाला म्हणाला.

तिनं चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि चालू झाली. आम्ही सगळे मिनिटं मोजत उभे राहिलो. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. गाडी एका लयीत बोलत होती. दहाव्या मिनिटाला मातोश्री बाहेर आल्या, हळदीकुंकू घेऊन, आणि चुलत्याला विसरून गाडीच्या नाकाला कुंकू लावू लागल्या. तनुजा स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली होती. रडत होती की हसत होती ते मागून कळत नव्हतं. रामकिसनराव वळून बांबू मोजू लागले. ते त्यांनी आधीच मोजलेले असणार.

मी काही विकलं नव्हतं. उलट पाठवलेले दोन पंप परत घेऊन निघालो होतो. तरीही एकतीस वर्षांत एवढं काम केल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. कडूबा मात्र जाताना एवढंच म्हणाला, "हे लग्नापुरतं हाय. नंतर खरं पॅकिंग बसवाया लागंल."

परतताना मी त्याला म्हणालो, "आमच्या दुकानात या. कायमचे. खोटं सांगावं लागणार नाही. वस्तू नसली तर नाही म्हणायचं, लागत नसली तर लागत नाही म्हणायचं."

"मंग विकायचं काय?"

"जे उरेल ते."

तो खुलताबादच्या उतारापर्यंत विचार करत होता. मग म्हणाला, "चतुरीला इचारतो." चतुराबाईंनी दोन दिवस घेतले आणि दोन अटी घातल्या. बुधवारी कडूबा येणार नाही, त्या दिवशी शेताला पाणी असतं. आणि रोज ने-आण फकिरानं करायची, कारण कडूबा एकटा निघाला तर वाटेत कुणाची तरी मोटर बंद पडलेली असते.

अशी ही माझी माणसं. एकाला सगळं कळतं, पण तो आणल्याशिवाय येत नाही. दुसऱ्याला काही कळत नाही, पण तो पहिल्याला वेळेवर आणतो. इंद्रजीतराव अजून म्हणतात की कुलूप लागणार. अजून लागलेलं नाही. कडूबा दहापैकी सहा गिऱ्हाइकांना "तुम्हाला हे लागत नाय" म्हणून परत पाठवतो, आणि ते सहा जण आणखी दहा जणांना पाठवतात. तिसऱ्या ढिगाची मात्र अजून कुणी चौकशी केलेली नाही.

मागच्या आठवड्यात जालन्याचे एक गृहस्थ आले. अँबॅसडरवाले, जरा दमदार. आत येऊन त्यांनी सरळ कडूबाला नमस्कार केला, "शेठ, तुमचं लई नाव ऐकलं." कडूबा एका पेटीत डोकं घालून बसला होता, त्यानं नुसती मान हलवली. मी बाजूला त्याला उजेड दाखवायला बॅटरी धरून उभा होतो. गृहस्थांनी मला विचारलं की स्टार्टरचा बेंडिक्स, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारा दातेरी भाग, आहे का. मी खणातून काढून दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला आणि त्यांचा पारा चढला.

"हा बेंडिक्स हाय? असली माणसं कामून ठेवता शेठ?"

कडूबानं पेटीतून डोकं बाहेर काढलं. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "त्यांना बोलू नका," तो शांतपणे म्हणाला. "नवीन हायेत. पन खोटं बोलत नायत. शिकतील."

मी मान खाली घालून बॅटरी नीट धरली. संध्याकाळी घरी येऊन भानुमतीला हे सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पोळी तव्यावर टाकली आणि खरोखरच्या काळजीनं विचारलं,

"मग? ठेवून घेणार आहेत ना तुम्हाला?"